क्षेत्रकार्यातील गोपनीय माहिती : संशोधक विद्यार्थ्यांना नेमके काय शिकवावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण नंदुरबार जिल्ह्यातील एका महाविद्यालयात संशोधन मार्गदर्शक आहात. आपले काही विद्यार्थी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील पाड्यांवर सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), हंगामी स्थलांतर आणि खाजगी कर्ज यांविषयी माहिती गोळा करत आहेत. त्यांच्याकडून गोपनीयतेचे हमीपत्र लिहून घेतले, संगणक विभागाने पासवर्ड आणि व्हायरस यांवर एक दिवसाची कार्यशाळाही घेतली. तरीही एका विद्यार्थ्याने शंका विचारण्यासाठी भरलेल्या प्रश्नावलीचा फोटो सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. प्रशिक्षण कसे द्यावे, किती द्यावे आणि या विद्यार्थ्याचे काय करावे, असे आपण विचारले आहे.

जळगाव आणि धुळे भागात क्षेत्रकार्य करणाऱ्या संशोधकांना मी बऱ्याच वर्षांपासून हेच शिकवते, म्हणून सविस्तर लिहिते. माझ्या मते आपल्या विद्यार्थ्याने त्याच्या समजुतीप्रमाणे हमी मोडलेली नाही. ‘गोपनीय माहिती उघड करणार नाही’ असे त्याने लिहून दिले होते. आपल्याच मार्गदर्शकांच्या गटावर शंका विचारणे म्हणजे माहिती उघड करणे, हे त्याच्या मनातही आले नसेल. समोर आलेली माहिती गोपनीय आहे हे सही करणाऱ्याला ओळखता येते, असे हमीपत्रात गृहीत धरलेले असते. नेमकी ती ओळखच शिकवावी लागते आणि ती व्याख्यानाने येत नाही, हाताने काम करून येते.

काही गोष्टी मात्र आपल्याकडील परिस्थितीवर अवलंबून आहेत. आपल्या महाविद्यालयात संशोधनाला मान्यता देणारी नैतिकता समिती आहे का, हे आधी पाहावे. कला आणि वाणिज्य महाविद्यालयांत ती बहुधा नसते. सिकलसेलसारखा आरोग्याचा विषय असेल तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार समितीची पूर्वमान्यता लागतेच, मग ती दुसऱ्या संस्थेच्या समितीकडून का घ्यावी लागेना. दुसरे, विद्यार्थी त्याच तालुक्यातले आहेत की बाहेरचे, यावर बरेच काही ठरते. बाहेरच्या विद्यार्थ्याला पाड्यावर कोणी ओळखत नाही, पण त्याला पावरी किंवा भिलीसाठी दुभाषा लागतो आणि तिथून माहितीला दुसरे तोंड फुटते. स्थानिक विद्यार्थ्याला दुभाषा लागत नाही. पण तो ज्या ओट्यावर बसतो ते घर त्याच्या मावशीच्या जावेचे असते आणि संध्याकाळी घरी ‘आज कुणाकडे गेला होतास, काय म्हणाली ती?’ हा प्रश्न ठरलेलाच असतो. दोघांचे धोके वेगळे आहेत, त्यामुळे दोघांना एकाच वर्गात बसवून एकच गोष्ट सांगून भागत नाही.

पहिल्या सत्रात मी एकही नियम सांगत नाही. एका कल्पित पाड्याची मी तयार केलेली माहिती वाटते. साठ घरे, घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीची एक ओळ, नावे काढून टाकलेली. रकान्यांत वय, लिंग, शिक्षण, व्यवसाय, वैवाहिक स्थिती, जमीन, कर्ज आणि सिकलसेल तपासणीचा निकाल. सोबत त्याच पाड्याची कल्पित मतदार यादी देते. तिच्यात नाव, वय, लिंग, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि घर क्रमांक असतो, कारण खऱ्या मतदार यादीतही हेच असते आणि ती यादी कुणालाही पाहता येते. मग एक ओळ वाचून दाखवते : वय ४१, स्त्री, बारावी उत्तीर्ण, विधवा, अंगणवाडी सेविका, ४० हजारांचे खाजगी कर्ज, सिकलसेल वाहक (स्वतःला आजार नाही, पण त्याचे जनुक अपत्याकडे जाऊ शकते). ही कोण? पाड्यात अंगणवाडी एकच, सेविका एकच. वर्गातील कुठल्या तरी गटाला काही मिनिटांत नाव सापडते आणि नाव सापडल्याबरोबर तिचे कर्ज आणि तिच्या रक्ताचा निकाल हेही सगळ्या वर्गाला कळलेले असते. त्यानंतर मी विद्यार्थ्यांना विचारते, की आता काय काढून टाकाल? कुणी व्यवसाय काढतो, कुणी वयाचा पाच-दहा वर्षांचा गट करतो, कुणी म्हणते कर्जाचा आकडा नेमका कशाला हवा. नियम इथून पुढे ते स्वतःच तयार करू लागतात.

हा खेळ केवळ खेड्यांपुरता आहे असे कुणाला वाटू नये, म्हणून एक घडलेली गोष्ट सांगते. १९९० च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांची रुग्णालयीन माहिती नावे वगळून संशोधनासाठी उपलब्ध करून दिली गेली. लटानिया स्वीनी तेव्हा विद्यार्थिनी होत्या. त्यांनी केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरला विकत घेतली आणि जन्मतारीख, लिंग व पिनकोड जुळवून खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या उपचारांची नोंद शोधून काढली. त्या शहरात वेल्ड यांच्या जन्मतारखेचे सहा जण होते, त्यांपैकी तीन पुरुष, आणि त्यांच्या पिनकोडात ते एकटेच. एका शहरात तीन गोष्टींवरून माणूस सापडतो, तर साठ घरांच्या पाड्यावर त्याला लपायला जागा किती उरणार?

आपल्या भागातील एक अडचण पुस्तकांत सापडणार नाही. अक्राणी-अक्कलकुव्याकडे वसावे, पाडवी, वळवी, पावरा, तडवी अशी मोजकी आडनावे निम्म्या गावाची असतात. एकाच नावाची दोन माणसे आली की विद्यार्थी घोळ टाळण्यासाठी शेऱ्याच्या रकान्यात लिहून ठेवतो : ‘शाळेमागचा’, ‘पिठाची गिरणी असलेला’, ‘पायाने अधू’. पुढे संगणकावर नावाचा रकाना निष्ठेने काढला जातो आणि शेऱ्याचा रकाना तसाच राहतो, कारण त्यात ‘नाव’ नसते. माझ्या पाहण्यात सर्वाधिक ओळखी या रकान्यातून फुटल्या आहेत. विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगावे, की माणूस ओळखू येईल असे काहीही प्रश्नावलीवर लिहायचे नाही. ते वेगळ्या वहीत, सांकेतिक क्रमांकासमोर लिहायचे. ही वही मार्गदर्शकांच्या कुलपात राहते, भरलेल्या प्रश्नावल्या दुसऱ्या ठिकाणी राहतात, आणि दोन्ही एका पिशवीत कधीच प्रवास करत नाहीत.

सिकलसेलच्या बाबतीत आणखी खोलात शिरावे लागेल, कारण इथे एका व्यक्तीची माहिती एकट्या तिची राहत नाही. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, हे आपले विद्यार्थी जाणतात. याचीच उलटी बाजू अशी, की मुलाला आजार आहे हे कळले की आई-वडिलांबद्दलही काहीतरी कळते. वडिलांची तपासणी निर्दोष आली तर कुटुंबात पितृत्वाविषयी संशय उभा राहू शकतो. तो संशय चुकीचाही असू शकतो, कारण वडिलांकडून थॅलॅसेमियाचे जनुक आले असेल तर मुलाचा आजार सिकलसेलसारखाच दिसू शकतो. म्हणून दोन नातेवाइकांचे निकाल शेजारी ठेवून विद्यार्थ्याने घरात एक शब्दही बोलायचा नाही. ते काम डॉक्टरांचे आणि समुपदेशकांचे आहे. शिवाय लग्नाचा प्रश्न आहेच. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली, तपासणीची चर्चा वाढली आणि त्याबरोबर ‘तिच्या घरात सिकलसेल आहे’ हे वाक्य सोयरिकीच्या बोलण्यात येऊ लागले. एका मुलीचा निकाल बाहेर गेला तर तिच्या धाकट्या बहिणींनाही त्याची झळ बसते.

रक्ताचे नमुने किंवा तपासणीचे निकाल हाताशी असतील तर हवासुपाई आदिवासींचे प्रकरण विद्यार्थ्यांना जरूर सांगा. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील या समाजाने १९९० च्या दशकात तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांना मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिले. तेच नमुने पुढे स्किझोफ्रेनियाच्या आणि त्यांच्या पूर्वजांच्या मुळाच्या अभ्यासासाठी वापरले गेले. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये विद्यापीठाच्या नियामक मंडळाला समेट करून ७ लाख डॉलर द्यावे लागले, उरलेले नमुनेही परत करावे लागले. तिथे कुणाचे नाव फुटले हा वाद नव्हता. ज्या कामासाठी माहिती दिली त्या कामापलीकडे ती वापरली गेली, हा होता. आपल्याकडे हाच प्रकार लहान प्रमाणात सर्रास घडतो : प्रबंधासाठी घेतलेल्या मुलाखती वर्षभराने भलत्याच विषयाच्या शोधनिबंधात दिसतात आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही.

आता प्रत्यक्ष उंबरठ्याचा विचार करू. संगणकाच्या कार्यशाळेत याचा उल्लेखही नसतो, आणि माझ्या अनुभवात आपल्या भागातील बहुतेक गळती इथेच होते. पाड्यावर पाहुणा आला की ओट्यावर खाट टाकली जाते, पाण्याचा तांब्या येतो आणि त्याबरोबर शेजारची दोन माणसे येऊन बसतात. प्रश्न सुनेला विचारलेला असतो, उत्तर सासरा देतो. अशा वेळी ‘तुम्ही जरा बाजूला व्हा’ म्हणणे जमत नाही आणि म्हटले तर त्या बाईलाच नंतर जाब द्यावा लागतो. मी वर्गात याचा नाट्यप्रयोग करून घेते. एकाने उत्तरदाती व्हायचे, एकाने सासरा, एकाने डोकावणारी शेजारीण. विद्यार्थ्याने प्रश्नावलीत निरुपद्रवी प्रश्नांचे एक पान तयार ठेवायचे : मका किती झाला, पाणी कुठून आणता, शाळा किती लांब. तिसरा माणूस आला की कर्जाचा किंवा आजाराचा प्रश्न अर्ध्यावर सोडून सहजपणे त्या पानावर जायचे आणि तो गेला की परत यायचे. कौटुंबिक हिंसाचाराच्या पाहण्यांत ही युक्ती जगभर वापरतात. हे पान उलटणे चेहऱ्यावर न दाखवता जमले पाहिजे, म्हणून एकदा करून भागत नाही, सराव लागतो.

दुभाषा म्हणून गावातील आशा कार्यकर्ती, शिक्षक किंवा कोतवाल सोबत घेण्याची पद्धत आहे, कारण ते सोयीचे असते. आजाराचे आणि कर्जाचे प्रश्न असतील तर मी ते टाळते. आशाताई कितीही सज्जन असल्या तरी त्या त्याच गावात राहतात आणि उत्तर देणारीला त्यांच्यासमोर रोज वावरायचे असते. शेजारच्या नव्हे, जरा लांबच्या गावची, ती भाषा बोलणारी व्यक्ती शोधावी, तिला मानधन द्यावे आणि आपल्या विद्यार्थ्यांबरोबर प्रशिक्षणाला बसवावे. फक्त सही घेऊन तिला मोकळे करू नये.

स्थलांतराच्या अभ्यासात फोनचा मुद्दा येतो. दिवाळीनंतर कुटुंबे ऊसतोडीला गुजरातकडे जातात, पुन्हा संपर्क करता यावा म्हणून विद्यार्थी नंबर लिहून घेतो. तो नंबर पुष्कळदा मुकादमाचा निघतो. पलीकडे फोन कुणी उचलला हे कळण्याआधीच ‘तुमच्या उचलीविषयी विचारायचे होते’ असे वाक्य तोंडून गेले, तर काय होईल ते सांगायला नको. आधी व्यक्तीची खात्री, मग ‘कॉलेजातून बोलतोय, खुशाली विचारायला फोन केला’ एवढेच. विषय त्या व्यक्तीने स्वतः काढल्याशिवाय काढायचा नाही. सावकारीच्या माहितीलाही हेच लागू आहे. आपले आकडे कुणी तरी लिहून नेले असे सावकाराच्या कानावर गेले, तर पेरणीच्या तोंडावर त्या घराला दारात उभे केले जाणार नाही.

घरी परतल्यावर माहितीचा दुसरा प्रवास सुरू होतो आणि त्याचे टप्पे विद्यार्थ्यांना कागदावर काढायला लावावेत. मोबाइलवर काढलेला फोटो गॅलरीत जातो, तिथून आपोआप गूगल फोटोजवर चढतो, घरच्यांनी तोच मोबाइल हाताळला तर त्यांना दिसतो. फोटोत ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही नोंदलेले असू शकतात. भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा टायपिंगसाठी डीटीपी सेंटरवर दिला जातो, तिथल्या संगणकावर फाइल राहते आणि पेनड्राइव्ह पुढच्या ग्राहकाच्या कामात फिरतो. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण लिहून काढण्यासाठी किंवा भाषांतरासाठी एखाद्या संकेतस्थळावर किंवा चॅटजीपीटीवर चढवणे म्हणजे ती मुलाखत तिसऱ्याच्या हाती देणे आहे, हे आता स्पष्ट शब्दांत सांगावे लागते. आवाज हीदेखील ओळखच आहे. एक्सेलमध्ये रकाना लपवला म्हणजे तो गेला असेही नाही. उजवे बटण दाबले की परत दिसतो, आणि पिव्हट टेबल, म्हणजे एक्सेलने बनवलेला सारांश तक्ता, पाठवला तर त्याच्या पोटात मूळ माहिती जशीच्या तशी जाऊ शकते. माझा आग्रह एवढाच, की शक्य तिथे कोबो टूलबॉक्ससारख्या, मोबाइलवर प्रश्नावली भरण्याच्या साधनात कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता न येणारे) प्रपत्र वापरावे, संगणकावरील फाइल व्हेराक्रिप्ट किंवा बिटलॉकर या कुलूपबंद करणाऱ्या प्रणालीने बंद ठेवावी आणि टायपिंग विद्यार्थ्याने स्वतः करावे. वेळ जास्त लागतो हे खरे, पण आपलीच माहिती पुन्हा वाचली जाते हा त्याचा फायदाही आहे. काम संपलेले कागद रद्दीत देऊ नयेत. मार्गदर्शकांसमोर फाडून किंवा जाळून नष्ट करावेत आणि त्याची तारखेसह नोंद ठेवावी.

शेवटची गळती प्रबंधातच होते आणि मार्गदर्शक म्हणून ती थांबवणे सर्वस्वी आपल्या हातात आहे. गावाचे नाव बदलून ‘गाव क’ लिहिलेले असते आणि ऋणनिर्देशात त्याच गावच्या सरपंचांचे नावानिशी आभार मानलेले असतात. परिशिष्टात उत्तरदात्यांची यादी आणि ओट्यावरचे फोटो असतात. प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या खुल्या संकेतस्थळावर चढतो आणि जगातल्या कुणालाही वाचता येतो. तक्त्यांचेही तसेच. गावनिहाय तक्त्यात एखाद्या चौकटीत ‘१’ आला तर तो आकडा राहत नाही, ती एक व्यक्ती असते. पाचपेक्षा लहान संख्या शेजारच्या गटात मिळवून टाकावी हा साधा नियम मी पाळते. मात्र बेरीज तशीच ठेवली तर वजाबाकी करून तो आकडा परत मिळतो, हेही तपासून पाहायला शिकवते.

आता एक कठीण गोष्ट. विद्यार्थी उत्साहाच्या भरात ‘तुम्ही सांगाल ते कुणालाही कळणार नाही’ असे वचन देतात. ते देता येत नाही. अठरा वर्षांखालील मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते कळवणे बंधनकारक आहे, आणि कमी वयात लग्न होऊन गर्भवती असलेल्या मुलीची नोंदही या कक्षेत येऊ शकते. जनगणनेतील नोंदींना १९४८ च्या कायद्याच्या कलम १५ ने संरक्षण आहे, त्या न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येत नाहीत, पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला असे कवच नाही. म्हणून संमती घेतानाच, समजेल अशा बोलीत, ही मर्यादा सांगायची. असा प्रसंग आलाच तर विद्यार्थ्याने एकट्याने निर्णय घ्यायचा नाही, त्याच दिवशी मार्गदर्शकांना कळवायचे. आपण मात्र क्षेत्रकार्य सुरू होण्यापूर्वीच समितीशी आणि एखाद्या वकिलाशी बोलून पुढची पावले ठरवून ठेवावीत. ज्या प्रश्नांच्या उत्तरांची आपल्या विषयाला गरज नाही ते प्रश्नावलीतून आधीच काढून टाकावेत. जे गोळाच केले नाही ते फुटत नाही.

कायद्याचा भाग मी मुद्दाम उशिरा घेते आणि थोडक्यात घेते. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणाचा हक्क मूलभूत मानला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यात संशोधनाला सवलत आहे, पण ती सशर्त आहे : ठरवून दिलेली मानके पाळावी लागतात आणि त्या माहितीवरून कुणा एका व्यक्तीविषयी निर्णय घेता येत नाही. विद्यार्थ्याने गोळा केलेली कर्जदारांची यादी पतसंस्थेला ‘मदत म्हणून’ देणे या सवलतीत बसत नाही, एवढे उदाहरण वर्गात पुरते.

किती वेळ द्यावा, याविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.साठी संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला आहे, पण त्याचा भर वाङ्मयचौर्य आणि प्रकाशनातील गैरप्रकारांवर आहे. क्षेत्रातील गोपनीयतेसाठी त्यावर विसंबू नये. एका दिवसाऐवजी मी तुकड्यांत देते : जाण्यापूर्वी कल्पित पाड्याचा अभ्यास आणि उंबरठ्याचा नाट्यप्रयोग, पहिल्या काही मुलाखतींनंतर लगेच एक बैठक, टायपिंग सुरू होताना एक आणि प्रबंध लिहिताना एक. पहिल्या मुलाखतींनंतरची बैठक सर्वांत उपयोगी ठरते, कारण तोवर विद्यार्थ्यांकडे स्वतःचे प्रसंग असतात आणि ते आपणहून विचारतात. कल्पित माहिती नीट हाताळून दाखवल्याशिवाय खऱ्या मुलाखतीला कुणाला पाठवू नये.

राहिला आपला विद्यार्थी. त्याला सर्वांसमोर रागावू नका. तसे केले तर पुढची चूक आपल्यापासून लपवली जाईल आणि लपवलेली चूक दुरुस्त करता येत नाही. त्याच्याकडूनच आजच गटावरील फोटो सर्वांसाठी काढून टाकून घ्या. मात्र प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तो आपोआप उतरलेला असेल, म्हणून गटातील प्रत्येक सदस्याला वैयक्तिक फोन करून गॅलरीतून आणि ऑनलाइन साठ्यातून फोटो काढायला सांगा, पुढे कुणाला पाठवला का ते विचारा आणि मिळालेली उत्तरे लिहून ठेवा. समिती असेल तर तिला कळवा. त्या प्रश्नावलीत आजाराचा किंवा कर्जाचा तपशील असेल आणि गटात त्याच तालुक्यातील कुणी असेल, तर आपण स्वतः त्या घरी जाऊन झालेला प्रकार सांगावा आणि आपली माहिती अभ्यासातून काढून घेण्याची मुभा त्यांना द्यावी. विद्यार्थ्याला बरोबर न्यावे, बोलावे मात्र आपण. यापुढे शंकांसाठी गटावर फक्त प्रश्नाचा क्रमांक आणि अडचण लिहावी. फोटो लागलाच तर कोऱ्या प्रश्नावलीचा.